आक्काच्या नाकावरचं ऊन

आक्का, बिब्बा मी लावला होता. हे तुला ठाऊक, मला ठाऊक आणि त्या दाभणाला ठाऊक. सहा वर्षांत आपण ते चौथ्या कोणाला कळू दिलं नाही. आता लिहून टाकते. पदर ओढून "जाऊ दे वं कौशे" म्हणायला तू नाहीस, तर मला अडवणार कोण?

तेव्हा मी सत्तर वर्षांची पोरगी होते. पोरगीच म्हणायचं, अक्कलदाढ येऊन पडूनही गेली होती, अक्कल तेवढी यायची राहिली होती. तुझ्या नातीचं लग्न तोंडावर आलेलं. तुझ्या नाकाच्या डाव्या बाजूला, नाक आणि गाल मिळतात त्या खाचेत, मसुराच्या डाळीएवढा काळा ठिपका उगवला होता. चकचकीत, ओला असल्यासारखा. बाया म्हणत, तीळ आहे, नशीबवान आहे अनसाबाई. पंचाहत्तरी उलटल्यावर उगवलेला तीळ! एवढ्या उशिरा पोचणारं नशीब एसटीनं निघालं होतं की काय, असं मी विचारायचे आणि तू हसायचीस. मला तो ठिपका माशीसारखा दिसे. "आक्का, तुह्या नाकावर माशी बसून राह्यली," असं मी चारचौघींत म्हणे. एकदा नाही, रोज. मग म्हणे, "मी उडवून देतो थे माशी. दोन मिनटाचं काम हाय."

तू तीनदा नाही म्हणालीस. हे मी मुद्दाम नीट लिहून ठेवते आहे. पहिल्यांदा म्हणालीस, "तोंडावर बिब्बा लावत नाही वं, माय सांगत जाय." दुसऱ्यांदा म्हणालीस, "मले काही तरास नाही त्याचा." तिसऱ्यांदा नुसते हात जोडलेस. पण मी ऐकते होय! आपल्या अर्ध्या रिठद गावाच्या टाचांच्या भेगा, पायात मोडलेले काटे, कुरुपं, सगळं माझ्या बिब्ब्याखालून गेलेलं. कौशाबाईच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत आणि ते ऐकून ऐकून माझं डोकं टोपल्याएवढं झालेलं. लग्नाच्या आठ दिवस आधी, भरदुपारी, घरात कोणी नव्हतं. मी दाभणाला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं. तुझी हनुवटी डाव्या हातात पकडली आणि म्हणाले, "हालू नोको." तू हलली नाहीस. लहान बहिणीनं हट्ट धरला की डोळे मिटून घ्यायचे, ही तुझी जन्माची खोड.

बिब्बा उतला. तो उतणारच होता. दुसऱ्या दिवशी नाक लाल, तिसऱ्या दिवशी गाल फुगला, चौथ्या दिवशी डावा डोळा मिटला. मी खोबरं चावून चावून त्यावर लावलं. माझे होते ते चार दातही ढिले झाले. लग्नात पाहुण्यांना आपण सांगितलं, वावरात गांधीलमाशी चावली. पंगतीत तू उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलंस आणि हळूच म्हणालीस, "माशी उडवाले गेली अन् गांधीलमाशी बसवून आली." मी हसू दाबायला अख्खा लाडू तोंडात कोंबला. नवरीच्या आईच्या जागी बसलेल्या वंदनानं, तुझ्या सुनेनं, डोळे वटारले. तिला वाटलं मी हावरट आहे. ते काही खोटं नव्हतं.

महिन्याभरात खपली पडली. खाली पांढुरकी, ताणलेली चामडी. काळा ठिपका गेलेला. आक्का, त्या दिवशी मी काय मिरवले! घरोघरी तुला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. "पाहा, गेली का नाही माशी?"

माशी गेली नव्हती. पंख मिटून चामडीखाली बसली होती.

मी कागदावर शुद्ध लिहिते आहे, तुला हसू येत असेल. पण आपल्या दोघींत दोन भाषा पहिल्यापासूनच होत्या. सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. एकाच मांडवातून नाही, पण एकाच घरात गेलो. सासूबाईंचा दंडक होता, माहेरचं नातं उंबऱ्याबाहेर ठेवा. म्हणून घरात "जाऊबाई, तुमी", आणि वावराचा बांध ओलांडला की "आक्का, तू". एकदा सासूबाईंसमोर मी चुकून "आक्का, मले वाढ ना" म्हणाले, तर तू मान वर न करता म्हणालीस, "कोन आक्का? तुमची आक्का माहेरी राह्यली, जाऊबाई." आणि ताटात दोन भाकरी जास्त टाकल्यास.

मग रिसोडचा बाजार. आपली वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, भेंडी. तीस वर्षं आपण एकाच जागेवर बसलो, त्या बंद दुकानाच्या पायरीशी, दक्षिणेकडे तोंड करून. दुकानाला पुढे टिनाची एक पट्टी होती. सकाळपासून दुपारपर्यंत त्या पट्टीची सावली एका माणसापुरती पडायची. एका टोपल्यापुरती आणि एका बाईपुरती. त्या सावलीत कोण बसायचं, हा प्रश्न आपल्यात कधी आलाच नाही, कारण पहिल्याच दिवशी तू तुझं टोपलं टिनाबाहेर मांडलंस आणि मला म्हणालीस, "तू अंदर बस. मी काई, मले ऊन काय करते? तू गोरी हायेस, करपून जाशीन."

मी बसले. आभार मानले असते तर एक गोष्ट होती. मला ते माझ्या हक्काचं वाटलं! विशीतली ती कौशल्या आज मला भेटली तर मी तिच्या झिंज्या धरीन. रंग गोरा, तेवढंच काय ते भांडवल, आणि ते जपायला पदराची कड दातात धरून भेंड्या विकणारी ठमी. गिऱ्हाइकाला वाटायचं बाई मुकी आहे. ऊन डावीकडून यायचं, तुझ्या डाव्या गालावर, डाव्या नाकावर, आणि दुपारी डोक्यावर चढायचं. तू घाम पुसायचीस, त्याच पदरानं वांगी पुसायचीस. मी टिनाखाली बसून तुझ्या काळेपणावर विनोद करायचे. तुझ्या अंगावर सावली पडली नाही म्हणून माझ्या अंगावर ऊन पडलं नाही, एवढा साधा व्यवहार मला कळायला पन्नास वर्षं लागली. आणि तोही एका डॉक्टरणीनं सांगितला.

ती गोष्टही तुला पुन्हा सांगते. तू तिथंच होतीस, पण माझ्या डोळ्यांनी पाहिली नाहीस.

बिब्ब्यानंतर दोन-तीन वर्षं सगळं शांत होतं. मग त्या पांढुरक्या चामडीच्या कडेनं मोत्यासारखे बारीक दाणे उठले. तू म्हणायचीस, खरचटलं. मी म्हणायचे, खरचटलंच. दोघींनाही खरचटलेलंच हवं होतं. त्याच वर्षी तुझं हृदय दुखण्यावर आलं. पायऱ्या चढवेनात, आडवं पडलं की दम लागे, उशाला तीन गोधड्या रचून तू बसल्या बसल्या झोपू लागलीस. त्या गडबडीत नाकाकडे कोण बघणार? गेल्या दसऱ्याला तू तोंड पुसलंस आणि पदराला रक्त लागलं. आठ दिवसांनी पुन्हा. वंदनानं ते पाहिलं. तिनं तुलाही विचारलं नाही आणि मलाही नाही. ऑटो बोलावला आणि आपल्याला वाशीमला नेलं.

चामडीची डॉक्टरीण म्हणजे एवढीशी पोरगी. माझी नात शोभेल. दिव्याचं भिंग घेऊन तिनं तुझं नाक बराच वेळ पाहिलं.  मग ती म्हणाली, "आजी, उन्हात काम केलंय का?"

तू म्हणालीस, "उनात नाही तं का फ्रीजमधी? भाजीवाली हाय मी."

ती हसली. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला आणि तो विचारताना तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "यावर आधी काही लावलं होतं का?"

आक्का, माझी जीभ गावभर चालते. गावात कोणाची म्हैस व्याली ते मी आधी सांगते. त्या दिवशी ती टाळूला चिकटली. मी हळदीचं नाव घेतलं, "हयद. निरी हयद लावत जाऊ."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग डॉक्टरणीकडे पाहिलंस. आणि म्हणालीस, "हयद."

त्यानंतर मला आणि वंदनाला तपासणीच्या कागदावर सही करायला बाहेर पाठवलं. आम्ही परत आलो तेव्हा तू पाणी पीत होतीस आणि डॉक्टरीण वहीत लिहीत होती. मला वाटलं, सुटले.

नाकाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. चामडीचा कॅन्सर. वंदनाच्या हातातली पिशवी खाली पडली. डॉक्टरणीनं तिला बसवलं आणि सावकाश समजावलं. हा त्यातला हळू चालणारा प्रकार आहे, अंगात इकडेतिकडे सहसा जात नाही, पण आहे तिथं खात जातो. नाक खाईल, मग डोळ्याकडे सरकेल. गोऱ्या माणसांना जास्त होतो, पण सावळ्यांनाही होतो. आपल्याकडे तो काळा दिसतो म्हणून लोकांना तीळ वाटतो. वर्षानुवर्षांचं ऊन हे मोठं कारण.

गोऱ्यांना जास्त होतो. हे ऐकलं आणि मला टिनाची ती पट्टी दिसली. म्हणजे हा माझ्या वाटचा होता. तू टोपलं बाहेर मांडलंस म्हणून तुझ्या नाकावर बसला.

"कापून टाकता येत नाही का?" वंदनानं विचारलं.

"एरवी तेच सांगितलं असतं," डॉक्टरीण म्हणाली. "पण नाकाची जागा आहे, काढल्यावर दुसरीकडची चामडी आणून बसवावी लागेल. आजींना तेवढा वेळ आडवं पडवत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलले मी, त्यांनाही ते नको वाटतं. किरणांचा शेक द्यायचा तर मोठ्या शहरात रोज जावं लागेल, कित्येक दिवस. तो प्रवास यांना झेपणार नाही." मग तिनं तुझ्याकडे वळून विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?"

इतक्या वर्षांत तुला हे कोणी विचारलं होतं का गं? नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, मीही नाही. तू पदर सावरलास. मग म्हणालीस, "जीव त त्याच्या टायमावर जाईन, त्याचं मले काही नाही. पण मले नाकासंग जायचं हाय. माह्या तोंडाकडे पाहून पोट्ट्यायनं भेव नाही खाल्लं पायजे."

"मग आपण मलम लावू," ती म्हणाली.

मला वाटलं ही चेष्टा करते. कॅन्सरला मलम! पण खरंच, बारीक पुड्यांमधलं पांढरं मलम. आठवड्यातून पाच दिवस, झोपायच्या आधी, सहा आठवडे. सकाळी धुऊन टाकायचं. ती म्हणाली, हे स्वतः काही जाळत नाही, अंगातल्या राखणदारांना हाका मारून त्या जागेवर बोलावतं आणि लढाई ते करतात. लढाई म्हटली की धूळ उडणार. लाल होईल, पाणी येईल, खपल्या धरतील, अंग दुखेल. घाबरायचं नाही. सगळं जाईलच अशी हमी ती देत नव्हती. वाढ थांबली, रक्त थांबलं, डोळा वाचला, तरी पुष्कळ, असं म्हणाली.

परत येताना ऑटोत तू माझ्या कानात म्हणालीस, "म्हंजे हे बी जाळल्यावानीच दिसन. तुह्या बिब्ब्याची शिकलेली बहीण हाय म्हन."

मला हसू आलं नाही. मला आधी कधी न हसल्याचं आठवत नाही, पण त्या दिवशी नाही आलं.

दिवाळीनंतर सुरुवात केली. वंदना म्हणाली मी लावते, मी म्हणाले नाही, मी. जेवणं झाली की तू गोधड्यांना टेकून बसायचीस, मी समोर पाटावर. तुझी हनुवटी माझ्या डाव्या हातात. तीच हनुवटी, तोच हात. फक्त दाभणाऐवजी कापसाची काडी. ठिपका आणि त्याच्या भोवतीची थोडी जागा, बस. डोळ्याकडे सरकू द्यायचं नाही. मग मी हात धुवायचे, साबणानं, दोनदा. "हालू नोको," मी म्हणायचे. "कधी हालली वं मी?" तू म्हणायचीस. रोज हीच दोन वाक्यं. इतर लोक रामरक्षा म्हणतात, आपण हे म्हणायचो.

पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्यात लाली, आणि मलम लावलं की नाकाला मुंग्या. तिसऱ्यात तुझं नाक बिब्बा उतला होता तसं दिसायला लागलं. लाल, ओलं, पिवळ्या खपल्या, अंगात कणकण.  सहा वर्षांपूर्वीचे ते आठ दिवस पुन्हा समोर येऊन बसले होते. डॉक्टरणीनं सगळं आधी सांगून ठेवलं होतं, तरी माझ्या डोक्यात एकच, मी पुन्हा जाळून राहिले हिला, पुन्हा माझ्याच हातानं. मग मी काय केलं? जे मी नेहमी करते. कोणाला न विचारता शहाणपणा. पुडी उघडायची, मलम परसात फेकायचं आणि काडीवर खोबरेल घेऊन तुझ्या नाकाला लावायचं. चार दिवस.

पाचव्या दिवशी तू डोळे मिटूनच म्हणालीस, "कौशे, चार रोज झाले मुंग्या नाही आल्या. काय लावून राह्यली तू?"

"मलम."

"मलमाले खोबऱ्याचा वास काहून येते?"

मी काडी पाठीमागे लपवली.

तुला एवढं रागावलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. आवाज चढला नाही तुझा, दम पुरत नव्हता. शब्द शब्द वेगळा काढून बोललीस. "जवा नोको म्हनत होती, तवा लावलं. आता मी लाव म्हनून राह्यली, तं लावत नाही. माह्यं नाक हाय का तुह्यं?"

सहा वर्षांत बिब्ब्यावरून तू मला दोष दिलास तो तेवढा एकदाच. मी पाटावरून उठले, चुलीजवळ जाऊन बसले आणि पदर दातात धरला. टिनाखालची ठमी.

सकाळी वंदनाकडून डॉक्टरणीला फोन लावला आणि खोबरेलाचं सांगितलं. एवढं तरी खरं बोलले. ती म्हणाली, एवढं लाल झालं की आम्हीही थोडे दिवस थांबायलाच सांगतो, विश्रांती देतो; आता पुन्हा सुरू करा. "पण विचारून करत जा, आजी." तू बाजूला बसून ऐकत होतीस. फोन ठेवल्यावर म्हणालीस, "पाय बापा! बैताडपना करून बी पास झाली."

मग मात्र एकही दिवस चुकवला नाही. संक्रांतीच्या सुमारास खपल्या सुटल्या. खाली गुलाबी चामडी, बाळाच्या टाचेसारखी. जरा खोलगट, जरा वेगळ्या रंगाची, पण अख्खं नाक. रक्त नाही, मोती नाहीत. वाशीमला डॉक्टरणीनं भिंगातून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. लक्ष ठेवावं लागेल, पुन्हा येऊ शकतं, तीन महिन्यांनी या, असं म्हणाली. निघताना आपल्या दोघींकडे पाहून बोलली, "आणि आता हळद नाही लावायची हं."

मी तोंड उघडलं होतं आक्का. सांगणारच होते, हळद नव्हती पोरी. तू टेबलाखाली माझा हात दाबलास. इतक्या जोरात, की एवढं बळ त्या हाडांत आलं कुठून असं वाटलं.

त्यानंतर आपलं ते भांडण सुरू झालं, जे आता अर्धवटच राहील. मी म्हणायचे, बिब्बा. बिब्ब्यानं वरून झाकलं, म्हणून ते खाली वाढलं. तेव्हाच दाखवलं असतं तर तुझं हृदय धड होतं, एवढासा तुकडा कापून मोकळी झाली असतीस. तू म्हणायचीस, ऊन. मी म्हणायचे, ऊन तरी कोणामुळे? टिनाखाली कोण बसलं होतं? तू म्हणायचीस, "मले ऊन आवडे, म्हनून बसत जाओ." मी म्हणायचे, खोटारडी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी हेच भांडण शेवटचं झालं. तू म्हणालीस, "तुले सारं तुह्याच माथी पायजे. पाप बी तुह्यंच, पुण्य बी तुह्यंच. दुसऱ्याले काही ठिवत जाय." मी तणतणत मेथी निवडायला बाहेर गेले. मेथी निवडता निवडता ठरवलं, उद्या सांगायचं. ते तीन शब्द, जे मी सहा वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते. माझं चुकलं आक्का. रोज हनुवटी धरत होते, रोज समोर होतीस. "हालू नोको" म्हणता आलं, हे नाही आलं.

त्याच उद्याच्या सकाळी वंदना चहा घेऊन आली तेव्हा तू गोधड्यांना टेकूनच होतीस. नाकानं नाही, हृदयानं दगा दिला. जीव त्याच्या टायमावर गेला.

आंघोळ घालताना तुझं तोंड मी पुसलं. कोणाला हात लावू दिला नाही. शेजारची एक म्हातारी वाकून म्हणाली, "नाक त पाहा वं अनसाबाईचं, पोरीवानी साजरं दिसून राह्यलं." नातवंडं जवळ आली, पतवंडं आली. दोन वर्षांच्या धाकटीनं तुझ्या नाकावर बोट ठेवलं. कोणीही भ्यालं नाही. तू मागितलेलं एवढंच होतं, ते तुला मिळालं. त्या पोरसवदा डॉक्टरणीचे, त्या पुड्यांचे आणि तुझ्या मुंग्यांचे उपकार.

तेरवी झाली. उरलेल्या दोन पुड्या फडताळात होत्या, त्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या. परवा वंदनाला सांगितलं, वाशीमला जाऊन येते, औषध परत करते. ती म्हणाली, "काकू, दोन पुड्या कोन परत घेते?" मी म्हणाले, घेतील. एकटीच एसटीनं गेले. रिसोडला गाडी थांबली तेव्हा मान वळवून बाजाराकडे पाहिलं नाही. वाशीमला उतरले, रांगेत बसले, नंबर आला.

डॉक्टरणीला सांगितलं, आक्का गेली. तिनं पेन खाली ठेवलं. विचारलं, नाक? मी म्हणाले, अख्खं. मग मी ते सगळं एका दमात बोलले, पाठ केलेल्या पोरीसारखं. हळद नव्हती. बिब्बा होता. मी लावला. ती नको म्हणत होती. आणि मला खरं सांग पोरी, माझी समजूत घालू नकोस, माझ्या बिब्ब्यानं तिची वर्षं गेली का?

तिनं समजूत घातली नाही, म्हणून ती मला आवडते. ती म्हणाली, बिब्ब्यानं हा आजार होत नाही. पण त्यानं तो झाकला, आणि काही वर्षं गेली असतील, हे खरं. लवकर आल्या असत्या तर सोपं झालं असतं. "गावात सांगा आजी," ती म्हणाली, "तोंडावरचा नवा तीळ, न भरणारी जखम, रक्त येणारा ठिपका, यावर बिब्बा नको, दाखवायला आणा. तुमच्या तोंडून ऐकतील." मी म्हणाले, सांगते. सांगते आहे. हा कागद त्यासाठीही आहे.

मी उठले. पुड्या तिच्या टेबलावर ठेवल्या. दारापर्यंत गेले तेव्हा तिनं हाक मारली, "आजी, एक मिनिट." आणि ती जे बोलली ते मी रस्ताभर घोकत आणलं, एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून:

"पहिल्याच दिवशी तुम्ही सही करायला बाहेर गेलात ना, तेव्हा तुमची आक्का मला म्हणाली होती, 'बिब्बा होता, डॉक्टरीणबाई. मीच लावला, माह्या हातानं, कोनाचं ऐकलं नाही. भाईर गेली थे माही लहान बहीण हाय, मले वाचवाले खोटं बोलली बिचारी. तिच्यासमोर तुमी हयदच म्हना.'"